लढाईला तोंड फुटतं तो क्षण: ‘ड्रॅगनबेन’च्या डब्यातले दहा पत्ते

कल्पनारम्य रोल-प्लेइंग खेळाचं नवं पुस्तक हातात आलं की लोक आधी राक्षसांची चित्रं बघतात, मंत्रांच्या याद्या चाळतात. मी सगळ्यात आधी एक पान शोधते. बोलणी फिसकटली, कुणीतरी तलवारीच्या मुठीला हात घातला, आता टेबलावर पुढे नेमकं काय करायचं? हे पान ज्या खेळात जमलेलं असतं तो खेळ माझ्या घरी टिकतो. ‘ड्रॅगनबेन’ टिकला आहे, आणि तो या एका पानाच्या जोरावर टिकला आहे.

डब्याची ओळख थोडक्यात. फ्री लीग ही स्वीडनमधली प्रकाशनसंस्था. तिने हा डबा २०२३ साली इंग्रजीत आणला. खेळ मुळात जुना आहे. ‘द्राकार ओक डेमोनेर’ या नावाने तो १९८२ साली स्वीडनमध्ये निघाला होता. डब्यात नियमांचं पुस्तक, साहसकथांचं पुस्तक, फासे, नकाशा, पुठ्ठ्याच्या उभ्या राहणाऱ्या आकृत्या आणि पत्त्यांचे गठ्ठे असा ऐवज आहे. पात्र म्हणून माणूस, एल्फ, ड्वार्फ हे नेहमीचे लोक आहेतच, शिवाय लांडग्यासारखा माणूस आणि बदकही घेता येतं. बदक आमच्याकडे वहिनीने घेतलं. बदक-योद्धा. हातात भाला, डोक्यात राग. ती त्याला इतक्या जिवाने खेळवते की बाकीची पात्रं त्या बदकाच्या मर्जीने चालतात.

हा प्रकार ज्यांनी कधी खेळला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एक जण गोष्ट सांगतो आणि जगातले बाकी सगळे लोक, चोर, राजे, राक्षस बोलवतो; त्याला जीएम म्हणतात. इतर प्रत्येक जण एकेक पात्र चालवतो. काय करायचं ते तोंडाने सांगायचं, जिथे निकाल अनिश्चित आहे तिथे फासा टाकायचा. बराच वेळ हे सगळं गप्पांसारखं चालतं. कुणीही कधीही बोलावं, कुणाचीही पाळी नसते. आणि मग मारामारी सुरू होते, तेव्हा मात्र पाळ्या लागतात. कारण सहा जण एकाच वेळी ‘मी मारतो’ म्हणाले तर कोण आधी मेलं हे कसं ठरवायचं? मोकळ्या गप्पांतून पाळ्यांमध्ये शिरण्याचा हा जो उंबरठा आहे, तिथे बहुतेक खेळ अडखळतात.

आम्ही खेळतो बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात, रविवारी दुपारची जेवणं आवरल्यावर. मी जीएम. खेळायला दादा, वहिनी, कॉलेजात जाणारा भाचा, शेजारचे निवृत्त काका आणि युनिव्हर्सिटीच्या दिवसांपासूनची माझी गुजराती मैत्रीण. टेबलावर मराठी आणि गुजराती दोन्ही चालतात, आणि नियमांचे शब्द इंग्रजी. माझ्या मोहिमेतला किल्ला मी पावागडावरून उचलला आहे: डोंगर चढत जायचा आणि वाटेत एकामागून एक दरवाजे. प्रत्येक दरवाजाशी कुणीतरी अडवणारा असतो, त्यामुळे बोलणी कधी फिसकटतील याचा नेम नसतो. म्हणूनच हा उंबरठा आमच्याकडे वारंवार ओलांडावा लागतो.

याआधी आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायचो, त्याची २०१४ ची आवृत्ती. तिथे लढाई सुरू झाली की जीएम म्हणतो, ‘इनिशिएटिव्ह टाका,’ म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा टाका. प्रत्येकाने वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात चपळाईचा गुण मिळवायचा, बेरीज जीएमला सांगायची. जीएम शत्रूंचे फासे टाकणार, सगळे आकडे उतरत्या क्रमाने वहीत लिहिणार, आणि लढाई संपेपर्यंत तोच क्रम गोल गोल फिरणार. कागदावर ही पद्धत अगदी सरळ आहे. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने ती आणली आणि मूळ आराखडा आजही तोच आहे.

पण हे प्रत्यक्षात कसं होतं ते बघा. दरवाजाशी पहारेकऱ्यांचा नायक दादाच्या पात्राकडे रोखून बघतोय. दादाने आवाज खाली आणलाय. काका पुढे सरकून बसलेत. मैत्रिणीने हातातला खाखरा तसाच धरून ठेवलाय. भाचा म्हणतो, ‘मी बाण सोडतो!’ आणि त्या क्षणी मला म्हणावं लागतं, थांबा, आकडे सांगा. मग ‘माझे चौदा’, ‘माझे किती मिळवायचे?’, ‘फासा टेबलाखाली गेला’, ‘शुं आव्युं तारुं?’, ‘वहिनी, तुमचे?’ असं सगळं होऊन मी यादी लिहून वर बघते तोवर दादा पाणी प्यायला उठलेला असतो. दहा मिनिटं कष्टाने चढवलेला ताण दोन मिनिटांच्या हिशेबात उतरून जातो. पहारेकऱ्याचा चेहरा कुणाला आठवत नाही. लढाई सुरू होते तेव्हा लढावंसं वाटणं संपलेलं असतं.

यावर लोकांनी बरेच उपाय शोधले आहेत. काही जीएम सगळ्यांचे आकडे खेळाच्या सुरुवातीलाच टाकून घेतात आणि चिठ्ठीवर ठेवतात. २०२४ साली नियमांची नवी मांडणी आली, तिच्यात ठरावीक आकड्याची सोय दिली आहे: फासा न टाकता १० अधिक चपळाई. राक्षसांच्या माहितीतही तो आकडा छापून येतो. वेळ वाचतो हे खरं. पण मग दरवेळी तेच पहिले आणि तेच शेवटचे. आमच्याकडे काकांचा चिलखत घातलेला सरदार कायम तळाला राहिला असता.

जुन्या काळात हे किती वेगळं होतं! ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्याच १९८१ च्या बेसिक संचात दोन्ही बाजूंनी सहा बाजूंचा एकेक फासा टाकायचा, जास्त आकडा आला ती पूर्ण बाजू आधी. संपलं. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत दहा बाजूंचा फासा होता आणि कमी आकडा चांगला. हवं तर हत्याराचा वेग त्यात मिळवायची सोय होती, म्हणजे खंजीर झटकन, मोठी तलवार सावकाश. ही बाजू-बाजूची पद्धत मला मनापासून आवडते, कारण तिला वहीच लागत नाही. तिचा दोष एवढाच की एका बाजूला सलग दोनदा संधी मिळाली तर समोरची बाजू हात हलवण्याआधीच आडवी होऊ शकते.

आता ‘ड्रॅगनबेन’ काय करतो ते सांगते. डब्यात एक ते दहा आकड्यांचे दहा पत्ते आहेत. लढाई लागली की पिसायचे आणि प्रत्येकाला एकेक वाटायचा. शत्रूंनाही. एकसारख्या शत्रूंची टोळी असेल तर टोळीला मिळून एक. आकडा कमी तो आधी: एक्क्याने सुरुवात, मग दोन, मग तीन. सगळ्यांच्या पाळ्या होऊन राउंड संपला की पत्ते गोळा करून पुन्हा पिसायचे, पुन्हा वाटायचे. बस्स. बेरीज नाही, यादी नाही, ‘तुमचे किती’ नाही. पत्ता प्रत्येकाच्या समोर उताणा पडलेला असतो आणि कुणाची पाळी केव्हा हे सगळ्यांना एका नजरेत कळतं.

वेग हा पहिला फायदा, पण तो सांगून मी थांबले असते तर हा मजकूर चार ओळींचा झाला असता. पत्ते वाटणं ही क्रिया आपल्या माणसांच्या हाडात आहे. काका मेंढीकोट आणि रमीत मुरलेले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या बेरजा त्यांना कधी भावल्या नाहीत, पण पत्ते पिसले गेल्याचा आवाज आला की ते सावरून बसतात. ताण उतरत नाही, चढतो. पत्ता उचलण्याआधी प्रत्येक जण क्षणभर थांबतो. वहिनीला लांब इंग्रजी मजकूर वाचायचा कंटाळा येतो. या पत्त्यांवर वाचायला काही नाही, आकडा तेवढा आहे. पहारेकऱ्यांच्या नायकाला मी एक्का वाटला तेव्हा टेबलावर जो ‘अरे देवा’ उमटला, तसा उद्गार मला कुठल्याही बेरजेतून कधी मिळाला नव्हता.

या नियमाचं खरं मोल मात्र पुढे आहे, आणि ते दोन-तीन लढाया झाल्यावर उलगडतं.

या खेळात एका राउंडमध्ये तुम्हाला थोडी हालचाल आणि एकच कृती मिळते. वार करणं ही कृती. अंगावर आलेला वार अडवणं किंवा चुकवणं हीही त्याच एका कृतीतून. म्हणजे तुमची पाळी येण्याआधी कुणी तुमच्यावर भाला फेकला आणि तुम्ही तो चुकवलात, तर तुमचा पत्ता उलटा होतो. तुमचा या राउंडचा वार गेला. आणि तुम्ही आधीच वार करून बसला असाल, तर नंतर येणारा घाव चुकवता येत नाही, तो सोसावा लागतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये चिलखताचा आकडा आपोआप तुमचं रक्षण करत असतो, त्यामुळे आधी पाळी येणं हे जवळपास नेहमी चांगलंच. इथे तसं नाही. एक्का हातात आला की आनंद होतो आणि पाठोपाठ पोटात गोळा येतो, कारण आधी मारलं की उरलेला राउंड उघड्या छातीने उभं राहायचं.

माझे आजोबा दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात घडले. प्रोफेसर माणिकरावांचं नाव ज्या वास्तूशी जोडलेलं आहे ती हीच. आजोबा कुस्तीबद्दल बोलायचे तेव्हा डावपेचांआधी सुरुवातीबद्दल बोलायचे: सलामी, हात भिडवणं, मग खडाखडी. दोघं एकमेकांचा जोर अजमावतात, आणि जो उतावळेपणाने आधी हात घालतो त्याचाच हात समोरचा धरतो. ‘ड्रॅगनबेन’च्या पत्त्यांमध्ये मला ती खडाखडी सापडली. आपली पाळी आली तरी लगेच खेळायलाच हवं असं नाही. मागच्या आकड्याच्या पात्राशी पत्ता बदलून घेता येतो. दादा हे फार लवकर शिकला. त्याच्याकडे तीन आला आणि वहिनीच्या बदकाकडे आठ, तर तो विचारतो, ‘आधी तू भाला टोचतेस का? मी ढाल राखून ठेवतो.’ नवरा-बायकोमधली ही सल्लामसलत लढाईच्या पहिल्याच राउंडला होते आणि त्यातून दोन पात्रांचं नातं दिसतं. फाशाच्या यादीत असं बोलणं निघायला वाव नव्हता.

पात्रांच्या विशेष क्षमताही या पत्त्यांभोवती बेतल्या आहेत. योद्ध्याकडे असलेली ‘व्हेटरन’ ही क्षमता वापरली की इच्छाशक्तीचा गुण खर्चून मागच्या राउंडचा पत्ता तसाच ठेवता येतो. ‘लायटनिंग फास्ट’ असेल तर दोन पत्ते ओढून हवा तो ठेवायचा. मोठे राक्षस त्यांच्या ‘फेरोसिटी’च्या, म्हणजे हिंस्रपणाच्या, आकड्याएवढे पत्ते घेतात, म्हणजे एकाच राउंडमध्ये दोनदा, तीनदा हल्ला. तीन पत्ते एकट्या राक्षसासमोर मांडले की मला त्याचं वर्णन करावंच लागत नाही. शिवाय राक्षसाचा हल्ला एरवी आपोआप लागतो. तो चुकवता येतो, पण अडवायची मुभा क्वचितच असते. त्यामुळे त्याच्या तीन पत्त्यांच्या मध्ये आपला पत्ता कुठे पडलाय, यावर कोण पुढे सरकणार आणि कोण खांबाआड राहणार हे ठरतं.

आता भाच्याच्या बाणाकडे वळते, कारण कुठल्याही टेबलावर सगळ्यात जास्त वाद याच गोष्टीवरून होतो. ‘मावशी, मी तर बोलणी चालू असतानाच बाण लावला होता. माझा बाण आधी जायला हवा!’ लढाई ज्याने सुरू केली त्याचा पहिला वार फुकट, असं पुष्कळ जीएम मान्य करतात. मी करत नाही, आणि त्याला कारण आहे. एकदा हा पायंडा पडला की जो आधी ओरडेल त्याला बक्षीस. मग कुणीही बोलणी पूर्ण होऊ देत नाही. काकांना पहारेकऱ्याशी गोड बोलून दरवाजा उघडवायचा असतो आणि पोराचं बोट प्रत्यंचेवर. हळूहळू टेबलावर बोलणारी पात्रं बनवणंच लोक सोडून देतात.

दुसरं टोकही वाईट. बाण सोडायचं म्हटलं, इनिशिएटिव्ह टाकला, आणि बाणवाल्याचा आकडा सगळ्यांत कमी आला. मग ज्याच्यामुळे लढाई पेटली तो शेवटी, आणि ज्यांना लढाई होणार हेच माहीत नव्हतं ते त्याच्याआधी धावून आलेले. नियमाने बरोबर, पण गोष्टीचा धागा तुटतो.

बेसावध शत्रूच्या बाबतीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने दोनदा वेगळी उत्तरं दिली आहेत. २०१४ च्या नियमांत ज्याच्यावर अचानक हल्ला झाला त्याला पहिल्या पाळीत हालताही यायचं नाही आणि कृतीही करता यायची नाही. हे फार जड पडायचं. नीट रचलेला घात पहिल्या राउंडलाच लढाई संपवायचा, आणि तोच घात पात्रांवर झाला तर खेळणारा हात बांधून बसायचा. २०२४ मध्ये ते काढून टाकलं आणि बेसावध असणाऱ्याने इनिशिएटिव्हसाठी दोन फासे टाकून कमी तो घ्यायचा, एवढंच ठेवलं. हे सौम्य आहे, निदान प्रत्येकाला पाळी मिळते. माझ्या मते जरा जास्तच सौम्य आहे: दोन्ही फासे चांगले पडले तर झोपेतून उठलेला पहारेकरी मारेकऱ्याच्या आधी तलवार उपसतो.

‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीची वाट मला जास्त पटते. तिथे लढाई लागण्याआधी तुम्ही काय करत होतात, त्यावर फासा ठरतो. सावध नजर ठेवून चालला होतात तर निरीक्षणाचा गुण. लपतछपत होतात तर लपण्याचा. चपळाईला आपोआप मान नाही. गप्पांमधून लढाईत शिरताना आधीच्या गप्पांना किंमत राहते, हे त्यातलं मोठं शहाणपण. फक्त बेरजा आणि यादी तिथेही आहेतच.

‘ड्रॅगनबेन’चं उत्तर एका वाक्याचं आहे. तुमचा हल्ला शत्रूला खरोखर अनपेक्षित आहे असं जीएमने ठरवलं, तर पहिल्या राउंडला तुम्ही गठ्ठ्यातला हवा तो पत्ता स्वतः निवडायचा. बाकीचे पिसून सगळ्यांना वाटायचे. भाचा झुडपाआडून बाण सोडत असेल तर त्याने खुशाल एक्का उचलावा. पण त्याच्या साथीदारांना काय मिळेल ते नशिबावर, आणि शत्रूही पत्ता घेतोच. घात करणाऱ्याला मान मिळतो, समोरच्याचे हात बांधले जात नाहीत. आणि दरवाजाशी समोरासमोर, दोन्ही बाजूंचे हात मुठीवर असताना बाण सोडला तर? तेव्हा अनपेक्षित काही उरलेलं नसतं. सगळ्यांनी पत्ते घ्यायचे. हा फरक मी भाच्याला एकदा समजावून सांगितला आणि वाद मिटला, कारण त्याला आपला बाण लवकर जाण्याचा रस्ता दिसला: आधी लप, मग सोड. तो आता बोलणी चालू असताना बाजूला सरकून झुडूप शोधतो आणि काका निवांत बोलतात. नियमाने खेळणाऱ्यांच्या वागण्याला असं वळण द्यावं, यापेक्षा मोठी पावती मी देऊ शकत नाही.

एक गोष्ट पुस्तकाबाहेरची, माझ्या हाताच्या सवयीची. लढाई ठरल्याशिवाय मी पत्त्यांना हात लावत नाही. ते माझ्या पडद्यामागेच राहतात. पत्ते दिसले की लोक बोलायचं सोडून हत्यारं मोजायला लागतात, आणि जी बोलणी यशस्वी होऊ शकली असती तीही मरतात. आधी मी प्रत्येकाला विचारते, ‘या घडीला तू काय करायला निघालायस?’ उत्तरं ऐकून घेते. एकाने तरी शस्त्राचं नाव घेतलं आणि समोरच्यालाही माघार घ्यायची नसली, तरच पत्ते. वाटताना तोंड चालू ठेवते: नायकाने मशाल फेकली, घोडा उधळला, वरच्या बुरुजावर कुणीतरी घंटा बडवतंय. बेरीज करायची नसल्याने हे जमतं. हात पत्ते वाटतात आणि गोष्ट एक वाक्यही थांबत नाही.

आता न पटलेल्या गोष्टी. हातात कुठला पत्ता येणार, यावर पात्राच्या चपळाईचा काहीच परिणाम नाही. भाच्याची चोरपावलांची शिकारी आणि काकांचा लोखंडाने मढलेला सरदार, दोघांनाही एक्का येण्याची शक्यता सारखीच. विशेष क्षमता मिळवेपर्यंत हे असंच राहतं. भाच्याला हे खटकतं, आणि त्याचं म्हणणं रास्त आहे. वेगवान पात्र बनवण्यातच ज्यांना रस आहे, ज्यांना रानटी योद्ध्याची जागरूकता किंवा मारेकऱ्याची झडप आकड्यांत दिसायला हवी, त्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ किंवा ‘पाथफाइंडर’च घ्यावा. तिथे त्या हौसेला भरपूर जागा आहे.

दुसरं, मोठी लढाई. दहा पत्ते म्हणजे दहा जागा. आमची पाच पात्रं, दोन पत्त्यांचा राक्षस आणि त्याच्या तीन टोळ्या झाल्या की गठ्ठा रिकामा. त्यापुढे शत्रूंचे गट पाडत बसावं लागतं. आणि दर राउंडला गोळा करा, पिसा, वाटा, हे पाचव्या-सहाव्या राउंडला रेंगाळायला लागतं. मी पिसायचं काम मैत्रिणीकडे दिलंय. ती ‘चालो, पत्तां आपो’ म्हणून हात पुढे करते आणि मी तेवढ्यात शत्रूंच्या जखमा मोजून घेते. त्यामुळे आमच्याकडे अडत नाही. दोन-तीनच जणांचं टेबल असेल तर मात्र दर राउंडचं पिसणं जास्त जाणवेल.

ज्यांना क्रमच नको त्यांच्यासाठी आता इतर खेळ आहेत. ‘शॅडोडार्क’ २०२३ चाच; त्यात सगळ्यांत मोठा फासा पडेल त्याच्यापासून सुरू करून घड्याळाच्या काट्यासारखं टेबलाभोवती फिरायचं, आणि हा क्रम लढाई नसतानाही चालूच असतो. म्हणजे तिथे उंबरठाच काढून टाकला आहे. २०२५ च्या ‘डॅगरहार्ट’मध्ये इनिशिएटिव्ह नाहीच, ज्याला काही करायचंय तो पुढे येतो, आणि डाव फसला किंवा आशा आणि भीती अशा दोन फाशांत भीतीचा फासा वरचढ ठरला की सूत्रं जीएमकडे येतात. बोलक्या, एकमेकांना जागा देणाऱ्या मंडळींना ते शोभेल. आमच्या टेबलावर दादा आणि भाचा दोघंच सगळं बोलून टाकतील आणि वहिनीचं बदक कोपऱ्यात उभं राहील. वहिनीच्या समोर उताणा पडलेला पाचाचा पत्ता तिला हक्काची जागा देतो. ती जागा मागावी लागत नाही, आणि कुणी हिरावूनही घेत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

डबा परदेशातून येतो, त्यामुळे वाहतुकीसकट तो स्वस्त पडत नाही. आधी चाखून बघायचं असेल तर प्रकाशकांनी सुरुवातीचे नियम आणि एक साहसकथा असलेली छोटी आवृत्ती डिजिटल स्वरूपात मोफत दिलेली आहे; तिच्यावर एक रविवार सहज निघतो. पत्त्यांसाठी तर डबाही लागत नाही. घरातल्या कॅटमधून एका रंगाचे एक्का ते दश्शी काढा, झालं. तरीही मी डबा घ्या म्हणेन: साहसकथांचं पुस्तक दमदार आहे, पुठ्ठ्याच्या आकृत्या नकाशावर उभ्या केल्या की कोण कुठे आहे हा प्रश्न उरत नाही, आणि नियमांचं पुस्तक इतकं आटोपशीर आहे की काकांनी ते दुपारच्या झोपेऐवजी वाचून काढलं.

फक्त पत्ते उचलून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये वापरावेत का, असं भाच्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी विचारलं होतं. वापरता येतात. ज्याला इनिशिएटिव्हला दोन फाशांतला चांगला घ्यायची सवलत आहे त्याने दोन पत्ते ओढून लहान ठेवावा, बेसावध असणाऱ्याने दोन ओढून मोठा. २०२४ च्या नियमांतली ‘अलर्ट’ ही क्षमता असलेल्याला साथीदाराशी जागा बदलता येते, ते पत्त्यांवर आणखी सोपं होतं. चपळाईचा गुण तेवढा वाया जाईल, हे आधी सगळ्यांच्या कानावर घाला. वेग मिळेल, पत्ता उचलतानाची धडधडही मिळेल. पण तिथे वार केल्याने तुमचा बचाव खर्च होत नाही, त्यामुळे एक्का हा निव्वळ चांगला आणि दश्शी निव्वळ वाईट. आमचा दादा ज्या कारणासाठी आपला तीन वहिनीच्या आठाशी बदलतो, ते कारण तुमच्या टेबलावर येणार नाही. त्यासाठी अडवणं आणि मारणं एकाच कृतीतून भागवायचा नियमही सोबत घ्यावा लागेल, आणि तो घेतला की चिलखताचे सगळे आकडे नव्याने बसवावे लागतील. त्यापेक्षा ‘ड्रॅगनबेन’च खेळा.